डाग नसलेलं सोनं

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या कॉइन शोला गेलात, तर सोन्याच्या नाण्यांच्या टेबलाशी थोडा वेळ नुसतं उभं राहून बघा. गिऱ्हाईक येतं, काचेखालचा प्लास्टिकचा चौकोनी डबा उचलतं आणि सगळ्यात आधी त्याच्या वरच्या कडेचं लेबल वाचतं. एमएस ६४. मग दुसरा डबा उचलतं. एमएस ६६. नाण्याकडे नजर जाते ती त्यानंतर, आणि कधीकधी जातच नाही. दोन्ही डब्यांत १९२४ सालचं वीस डॉलरचं नाणं असतं. वजन तेच, सोनं तेच, छापही तोच. पण आकडा ६४ असेल तर किंमत सोन्याच्या भावाच्या आसपास घुटमळते, आणि तोच आकडा ६८ झाला तर त्या पैशात नवी गाडी दारात येते.

मला या लेखात त्या आकड्याबद्दल बोलायचं आहे. कारण ग्रेडिंग हीसुद्धा एक प्रकारची समीक्षाच आहे. कोणीतरी जाणकार एक वस्तू हातात घेतो, निरखतो आणि तिच्याबद्दल मत देतो. फरक इतकाच की हे मत एका संख्येत मावतं, त्याच्यावर प्लास्टिक सीलबंद होतं, आणि पुढचा माणूस वस्तू न पाहता त्या मतावर लाखो रुपये मोजतो. पुस्तकांच्या समीक्षकाला असा मान मिळाला असता तर मराठी साहित्याचं काय झालं असतं, देव जाणे. पण जी समीक्षा एवढी ताकदवान आहे, तिचीही समीक्षा व्हायला हवी की नको?

आधी नाणं बघू, कारण सगळे तेच शेवटी बघतात.

अमेरिकेचं हे वीस डॉलरचं नाणं 'डबल ईगल' म्हणून ओळखलं जातं. व्यास ३४ मिलिमीटर, वजन ३३.४ ग्रॅमच्या थोडं वर, सोनं नव्वद टक्के आणि उरलेलं तांबं. म्हणजे आपल्या जुन्या भाषेत पावणेतीन तोळ्यांच्या थोडं वर. १९०७ पासून त्यावर जी आकृती आली ती ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराची. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना अमेरिकेची नाणी भयंकर कुरूप वाटत. प्राचीन ग्रीक नाण्यांवरचा उंच उठाव त्यांना आवडे, आणि आपल्या देशाच्या नाण्यालाही तसा उठाव हवा असा त्यांचा हट्ट होता. सेंट-गॉडन्स तेव्हा कर्करोगानं खंगत चालला होता. साच्यांचं पुष्कळसं काम त्याचा साहाय्यक हेन्री हेरिंग यानं केलं. ३ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट-गॉडन्स गेला. आपलं नाणं लोकांच्या हातात पडलेलं त्यानं पाहिलं नाही.

आणि टांकसाळीत काय झालं? सोनं मऊ असलं, तरी खोल ठशाच्या तळापर्यंत ते एका दाबात पोचत नाही. पहिल्या, सगळ्यात उंच उठावाच्या नमुन्यांना सात ते नऊ वेळा दाब द्यावा लागला, आणि दोन दाबांच्या मध्ये नाणं तापवून पुन्हा मऊ करावं लागे. अशी नाणी वीसेक उरली आहेत. मग उठाव थोडा कमी करून, तीन दाबांत होईल असं नाणं काढलं. त्यावर साल रोमन आकड्यांत आहे. ही साधारण बारा हजार निघाली. पण तीन-तीन दाब देत बसलं तर देशाला पुरेल इतकी नाणी पडायची कधी? शिवाय बँकवाल्यांना नाण्यांच्या चवडी नीट रचता यायला हव्यात. टांकसाळीचा मुख्य नक्षीकार चार्ल्स बार्बर पहिल्यापासून या सगळ्याच्या विरोधात होता. त्यानं उठाव आणखी उतरवला, रोमन साल काढून साधे आकडे घातले, आणि १९०७ च्या अखेरीपासून तेच नाणं चालू झालं. आज लोक जमवतात त्यातलं बहुतेक सोनं हे बार्बरनं सपाट केलेल्या नाण्याचं आहे.

माझं मत सांगतो. रोमन सालाच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवता खरोखर चालत तुमच्याकडे येते. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी, वाऱ्यानं मागे उडालेलं वस्त्र, पायाशी डाव्या बाजूला एवढंसं कॅपिटॉल. नाणं दिव्याखाली थोडं तिरकं केलं की गुडघ्याची सावली वस्त्राच्या चुणीत पडते. सपाट नाण्यावर तीच बाई छापल्यासारखी उभी आहे. चेहरा इतका लहान आणि उथळ की भाव वाचता येत नाहीत, आणि वस्त्राच्या चुण्या पेन्सिलनं ओढलेल्या रेघांसारख्या वाटतात. मागच्या बाजूचा गरुड मात्र उठाव उतरूनही टिकला. उगवत्या सूर्यावरून झेपावणाऱ्या पक्ष्याच्या पंखांना मोठी, मोकळी जागा मिळाली आहे, म्हणून असेल. कित्येक संग्राहक या सबंध मालिकेला अमेरिकेचं सर्वांत सुंदर नाणं म्हणतात. ते सर्टिफिकेट खरं म्हणजे त्या पहिल्या बारा हजारांचं आहे, आणि पुढची पंचवीस वर्षं बाकीची नाणी त्याच्यावर जगली.

न्यू यॉर्ककरांना हे पडताळून बघायला एक पैसा खर्च नाही. सेंट्रल पार्कच्या आग्नेय कोपऱ्यावर, फिफ्थ अव्हेन्यूला लागून, जनरल शर्मनचा सोनेरी अश्वारूढ पुतळा आहे. तोही सेंट-गॉडन्सचाच, १९०३ चा. घोड्यापुढे जी विजयदेवता चालते आहे तिच्यासाठी हेटी अँडरसन ही कृष्णवर्णीय मॉडेल उभी राहिली होती, आणि नाण्यावरची बाई त्या देवतेचीच बहीण आहे. दोन्हींच्या चालण्यातली ऐट सारखी. आपल्यापैकी बरेच जण धनत्रयोदशीला जे आजचं 'गोल्ड ईगल' घेतात, त्याच्या दर्शनी बाजूवरही १९८६ पासून हीच आकृती आहे. टांकसाळीनं तिला जरा सडपातळ करून घेतलं, एवढंच. म्हणजे ही बाई आपल्या घरात आलेली आहे. आपण तिच्याकडे नीट पाहिलेलं नसतं, हा भाग वेगळा.

तर आता मला सांगा, वर मी जे काही लिहिलं त्यातलं लेबलवरच्या आकड्यात काय आलं? उठाव किती आणि का, आकृतीत जीव आहे की नाही, बार्बरनं काय घालवलं, यातलं काही नाही. आकडा फक्त एवढंच सांगतो की टांकसाळीतून बाहेर पडल्यावर या नाण्याला काय काय लागलं. नवं कोरं नाणं ६० ते ७०, या अकरा पायऱ्यांत बसतं. डबल ईगल अडीचशेच्या पिशव्यांत भरून ठेवत. आठ किलोंहून जास्त वजनाची पिशवी फरशीवर आदळली की आतली नाणी एकमेकांना टोचत. म्हणून देवतेच्या उघड्या दंडावर, गालावर, आजूबाजूच्या मोकळ्या जागेत बारीक टोले दिसतात. टोले जास्त तर ६१, थोडे कमी तर ६३, शोधावे लागले तर ६६. झळाळी आणि एकूण रूप यांचाही विचार होतो, पण मुख्य हिशेब जखमांचा. एखाद्या कवितासंग्रहाचं परीक्षण करताना फक्त कुठल्या पानाला घडी पडली आहे ते सांगावं, तसं हे आहे.

या आकड्याचं कूळही बघण्यासारखं आहे. विल्यम शेल्डन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या शरीरठेवणीवरून त्याचा स्वभाव ओळखता येतो असा त्याचा सिद्धान्त होता, आणि त्यासाठी तो माणसांच्या देहांनाही १ ते ७ असे गुण देई. त्याच्या कामासाठी नामांकित कॉलेजांतल्या मुलामुलींचे विवस्त्र फोटो काढले गेले होते. या गृहस्थांना जुन्या तांब्याच्या सेंटचा नाद. १९४९ च्या पुस्तकात त्यांनी सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. हिशेब सरळ होता: जेमतेम ओळखू येणारं नाणं १, आणि ७० वालं त्याच्या सत्तरपट किमतीचं. म्हणजे तो आकडा मुळात किमतीचा होता. तांब्याच्या बाजारात तो गुणाकार थोड्याच वर्षांत मोडला. पट्टी मात्र राहिली, आणि तांब्यावरून चांदीवर, चांदीवरून सोन्यावर चढली. शेल्डन वारल्यानंतर लक्षात आलं की न्यू यॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्यानं हलक्या प्रतीचे ठेवले होते. गुण देणाऱ्यानं गुणवान नाणी पळवली! सोसायटीला त्यांतली परत मिळवण्यासाठी कोर्टात जावं लागलं.

१९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या आल्या, आणि आकडा प्लास्टिकच्या आत गेला. या डब्याला 'स्लॅब' म्हणतात. पण एका परीक्षकाला ६५ वाटलेलं नाणं दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला ६६ वाटू शकतं. म्हणून लोक डबा फोडून तेच नाणं पुन्हापुन्हा पाठवतात, एखादा गुण वाढेल या आशेनं. मग २००७ पासून आणखी एक कंपनी स्लॅबवर हिरवा स्टिकर लावून देऊ लागली. त्याचा अर्थ, आतल्या आकड्याशी आम्ही सहमत आहोत. शेऱ्यावर शेरा. आपल्या सरकारी फायलींची आठवण येणार नाही असा मराठी माणूस विरळा.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. स्लॅबनं एक मोठं काम केलं, आणि ते खऱ्याखोट्याचं. १९०७ च्या उंच उठावाच्या नाण्याच्या नकला फार सफाईदार झाल्या. एका नकलाकाराची तर आपल्या कामावर सही करण्यापर्यंत मजल गेली: गरुडाच्या पंजात त्यानं इवलंसं ग्रीक ओमेगा अक्षर कोरलं. त्या नकला आज 'ओमेगा' याच नावानं ओळखल्या जातात. सोनं खरं, वजन बरोबर, नाणं खोटं. असं नाणं तुम्ही-आम्ही ओळखू? मला नाही वाटत. हजार मैलांवरून, फोटो बघून, ओळख नसलेल्या माणसाकडून नाणं घ्यायचं तर कुणीतरी तिसऱ्यानं तपासून दिलेलं बरं. शिवरायांच्या होनाचं उदाहरण घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', वजन तीन ग्रॅमहून कमी. खरे होन फार थोडे, आणि बाजारात फिरणाऱ्या नकला पुष्कळ. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या भावनेवर धंदा करणारेही पुष्कळ. तिथे भक्ती बाजूला ठेवून तज्ज्ञाला विचारलेलं चांगलं. तेव्हा खरं की खोटं हे सांगणारा शेरा मला हवा आहे. माझं भांडण त्याच्या शेजारच्या आकड्याशी आहे, कारण तो खरेपणाची पुण्याई वापरून भलतंच काही विकतो.

काय विकतो ते बघा. काही नाणी संख्येनं दुर्मिळ असतात, आणि काही फक्त अवस्थेनं. डेन्व्हरच्या टांकसाळीनं १९२७ मध्ये १,८०,००० डबल ईगल पाडले. आज माहीत आहेत ते डझनभराच्या आसपास, कारण बाकीचे सरकारी तिजोरीतच राहिले आणि वितळले. हे संख्येनं दुर्मिळ. याउलट १९२४ ची नाणी फिलाडेल्फियात त्रेचाळीस लाखांवर पडली, आणि त्यांतली ढीगभर युरोपातल्या बँकांकडे गेली. एप्रिल १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढून अमेरिकनांना घरातलं सोनं सरकारजमा करायला लावलं, तेव्हा ही नाणी समुद्रापलीकडे पिशव्यांत सुखात होती. पुढे काही दशकं ती परत येत राहिली. त्यामुळे कोरं करकरीत १९२४ चं नाणं आज कुठल्याही दुकानात मिळतं. मग संग्राहकाला वेगळं काय द्यायचं? ६७ द्यायचं. ६८ द्यायचं. पिशवीच्या मधोमध बसल्यामुळे ज्याला कमी टोले लागले ते नाणं. दुर्मिळ आहे ते नाण्याचं नशीब, आणि पैसे आपण त्याचे मोजतो.

ज्यांना वाटतं की जुनं कोरं नाणं म्हणजे इतिहासाचा जिवंत तुकडा, त्यांनी जरा थांबून विचार करावा. उच्च दर्जाचं नाणं म्हणजे जे कधी वापरलंच गेलं नाही. त्यानं कुणाचा पगार झाला नाही, कुणी त्यानं घोडा घेतला नाही, कुणाच्या गल्ल्यात ते वाजलं नाही. १८५७ मध्ये 'सेंट्रल अमेरिका' हे जहाज कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन न्यू यॉर्ककडे जाताना कॅरोलायनाच्या किनाऱ्याबाहेर वादळात बुडालं. सव्वाचारशे माणसं गेली. १९८८ मध्ये ते सापडलं, आणि त्यातून त्याच साली सॅन फ्रान्सिस्कोत पडलेले हजारो डबल ईगल नव्यासारखे वर आले. लेबलवर त्या जहाजाचं नाव छापतात, त्याची किंमतही लावतात. लेबलवरचं ते नाव मला आकड्यापेक्षा प्रामाणिक वाटतं, कारण निदान ते सांगतं की हे नाणं कोरं का राहिलं.

आणि आकड्याचा खरा पराभव बघायचा तर जगातलं सगळ्यात महाग विकलं गेलेलं नाणं बघा. १९३३ चा डबल ईगल. त्या वर्षी ४,४५,५०० नाणी पाडली, पण सोन्याचं चलन बंद झाल्यामुळे ती लोकांना दिलीच नाहीत. दोन स्मिथसोनियनकडे गेली, बाकीची १९३७ मध्ये वितळली. तरी काही बाहेर सुटलीच. त्यांतलं एक इजिप्तच्या राजा फारूककडे पोचलं, आणि गंमत म्हणजे त्याच्या निर्यातीचा परवाना अमेरिकन सरकारनंच नजरचुकीनं देऊन ठेवला होता. फारूकची सत्ता गेल्यावर १९५४ मध्ये कैरोत त्याचा संग्रह लिलावाला निघाला, अमेरिकेनं ते नाणं मागे घ्यायला लावलं, आणि ते नाहीसं झालं. १९९६ मध्ये न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात एक ब्रिटिश व्यापारी असंच एक नाणं विकताना पकडला गेला. वर्षानुवर्षं खटला चालला. शेवटी तडजोड झाली, नाणं विकून पैसे दोघांनी वाटून घ्यायचे. खटल्याच्या काळात ते वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या तिजोरीत होतं. तिथून ते फोर्ट नॉक्सला हलवलं जुलै २००१ मध्ये, म्हणजे दोनच महिने आधी. २००२ च्या लिलावात त्याला ७५ लाख डॉलरहून जास्त मिळाले, आणि वर खरेदीदाराला वीस डॉलर वेगळे भरावे लागले, कारण सरकारच्या हिशेबात हे नाणं अजून चलनात यायचं होतं! २०२१ मध्ये ते पुन्हा विकलं गेलं, १ कोटी ८८ लाख डॉलरच्या वर.

याचा ग्रेड किती? एमएस ६५. फक्त पासष्ट. याच मालिकेतली याहून वरच्या ग्रेडची नाणी हवी तितकी मिळतील. फारूकच्या नाण्याला एक गुण कमी मिळाला असता, तर कुणी हात मागे घेतला असता का? लोकांनी पैसे मोजले ते राजा, परवाना, खटला आणि तिजोरी यांचे. स्वित्झर्लंडहून पिशवीत आलेल्या एखाद्या ६७ ला असलं काही नसतं, म्हणूनच तर त्याला आकड्याच्या कुबड्या लागतात.

आता आपल्या कपाटाकडे वळतो, कारण आकड्याचा फटका सगळ्यात जोरात बसतो तो तिथे. पुतळ्यांची माळ तुमच्यापैकी कित्येकांनी आजीच्या गळ्यात पाहिली असेल. पुतळी हे मुळात व्हेनिसचं नाणं, डुकाट. १२८४ पासून १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपेपर्यंत ते जवळजवळ एकाच छापाचं निघत राहिलं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला व्हेनिसचा प्रमुख, 'दोज', गुडघे टेकून संत मार्ककडून ध्वज घेतो आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त. मसाल्यांच्या बदल्यात हे सोनं आपल्याकडे आलं, आकृत्यांमुळे पुतळी म्हणवलं गेलं, आणि त्याला कड्या लावून बायकांनी ते गळ्यात घातलं. पुढे आपल्या सोनारांनी स्वतःचे ठसे करून नकला पाडल्या. लॅटिन अक्षरांच्या नुसत्या काड्या झाल्या, दोजचा आणि संताचा चेहरा हरवला, पण गुडघे टेकलेली आणि उभी अशी दोन माणसं राहिली. व्हेनिसचा धर्म आणि राजकारण साताऱ्या-कोल्हापूरच्या सोनारानं अक्षर न वाचता आपलंसं केलं, याहून मजेदार अनुवाद मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

माझ्या ओळखीच्या एका ताईंनी साताऱ्याच्या घरातल्या अशा माळेचे फोटो इथल्या एका व्यापाऱ्याला दाखवले. त्यांना विकायची नव्हती, नुसतं कुतूहल. त्यात काही पुतळ्या अस्सल व्हेनिसच्या वाटत होत्या, बाकीच्या नकला. व्यापाऱ्यानं अर्ध्या मिनिटात सांगितलं की कड्या डाखलेल्या आहेत, घासलेल्या आहेत, ग्रेड मिळणार नाही, तेव्हा मोडीचा भाव धरा. तो खोटं बोलला नाही. ग्रेडिंगच्या नियमात असं नाणं 'डीटेल्स' या खात्यात जातं. डब्यात घालून देतात, पण आकडा देत नाहीत. लेबलवर आकड्याच्या जागी दोष लिहितात: कडी काढलेली, भोक पाडलेलं, साफ केलेलं. आपल्याकडे दिवाळीला सोनं रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशनं घासतात, लक्ष्मीपूजनाला नाण्यावर हळदकुंकू चढतं, मग ते पुसलं जातं. ब्रशचे केसाएवढे ओरखडे भिंगाखाली दिसतात. ज्या नाण्याला तीन पिढ्यांनी पूजलं, ते या मोजपट्टीवर नापास.

मराठीत 'डाग' म्हणजे कलंक, आणि 'डाग' म्हणजे दागिनाही. डागडागिने आपण एका श्वासात म्हणतो. सराफाच्या पेढीवर डाग मोडायला नेतात तो दुसरा. इंग्रजीतल्या त्या लेबलाला पहिलाच डाग कळतो. माळेतली पुतळी त्याला इजा झालेलं नाणं वाटते. पण कडी ही तिच्या आयुष्यातली मुख्य घटना आहे. व्हेनिसहून निघालेल्या लाखो डुकाटांपैकी इथले नेमके का उरले, याचं उत्तर त्या कडीत आहे: गळ्यात गेले म्हणून मुशीत गेले नाहीत.

मुंबईचं एक नाणंही याच पेचात सापडतं. १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, लंडनच्या रॉयल मिंटची एक शाखा मुंबईत चालली आणि तिथे त्या एकाच वर्षी सुमारे तेरा लाख सॉव्हरीन पाडले गेले. आपण ज्याला गिनी म्हणतो तेच हे नाणं, आठ ग्रॅमला जरासं कमी. ओळखायची खूण एकच, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर. ब्रिटनमधल्या वाचकांनी आपल्याकडची गिनी एकदा भिंगाखाली धरून बघावी. देव्हाऱ्यात राहिलेल्या गिन्या घासून गुळगुळीत झालेल्या असतात, तरी ते अक्षर बहुधा वाचता येतं. कोऱ्या गिनीला बाजार जास्त देईल. मला स्वतःला देव्हाऱ्यातली आवडेल, पण ही माझी आवड झाली. तिला बाजारभाव नाही, हे मीही जाणतो.

नाणी जमवायचीच असतील, तर पदरी चार पैसे असलेल्यांना मी एवढंच सांगेन की आकडा सोडून उठाव विकत घ्या. १९०७ चं रोमन सालाचं नाणं ६६ मध्ये मिळणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. पण किंचित वापरलेलं, गुडघ्यावर आणि छातीवर हलकी झीज आलेलं, ५८ ग्रेडचं नाणं त्याहून पुष्कळ स्वस्त पडतं. स्वस्त म्हणजे तरीही हजारो डॉलर, गैरसमज नको. बार्बरच्या सपाट नाण्याच्या ६८ शेजारी ते ठेवा आणि दिवा तिरका करा. कुठल्या नाण्यावर बाई चालते आहे ते लेबल झाकूनही कळेल.

आणि ज्यांच्या घरी माळ आहे त्यांनी दोन व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शंभर वर्षांहून जुनं नाणं भारताच्या १९७२ च्या कायद्यानुसार पुराणवस्तू ठरतं, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा सामानात टाकून आणायचा विचार असेल तर तो सोडा. तिथेच प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन लिहून ठेवा, माळ कुणाकडून कुणाकडे आली तेही आईला, मावशीला विचारून त्याच वहीत लिहा. आणि विकताना भाव बरा येईल म्हणून सराफ कड्या काढून द्यायला तयार झाला, तर नको म्हणा. डाखाची खूण राहतेच, आणि आकडा तरीही मिळत नाही.